स्कॉटलंडच्या नृत्यदालनातून लंडनच्या टेंपल चर्चमध्ये आलेला ऑर्गन : आवाज नक्की कोणाचा?

पांढरी_चार

नमस्कार मंडळी. मी मूळची इचलकरंजीची, गेली सहा वर्षं लंडनमध्ये. लहानपणी आठ वर्षं पेटी शिकले, त्यामुळे सूर धरून ठेवणारं कुठलंही वाद्य ऐकलं की पाय आपोआप थांबतात.

माझं ऑफिस फ्लीट स्ट्रीटच्या बाजूला आहे. तिथल्या एका बोळातून आत गेलं की वकिलांची जुनी वस्ती लागते, इनर टेंपल आणि मिडल टेंपल. गांधीजी १८९१ मध्ये बॅरिस्टर झाले ते इनर टेंपलमधून. या दोन्ही संस्थांचं मिळून एक चर्च आहे, टेंपल चर्च. पुढचा भाग गोल, ११८५ सालचा. मागचा भाग लांबट आणि उंच, १२४० सालचा. त्या लांबट भागात उत्तरेच्या भिंतीत ऑर्गन आहे आणि गेलं वर्षभर मी जमेल तेव्हा दुपारी तो ऐकायला जाते.

तुमच्यापैकी पुष्कळांनी तो ऐकलेला आहे, फक्त नाव माहीत नसेल. 'इंटरस्टेलर' सिनेमाच्या पार्श्वसंगीतातला ऑर्गन तो हाच. हान्स झिमर यांनी २०१४ मध्ये त्याचं ध्वनिमुद्रण इथेच केलं आणि वाजवणारे होते इथले तेव्हाचे ऑर्गनवादक रॉजर सेयर.

हा ऑर्गन या चर्चसाठी बनलेलाच नाही, हे मला पाच-सहा वेळा ऐकल्यावर कळलं. इंग्लंडच्या उत्तरेला डरहॅम गावात हॅरिसन अँड हॅरिसन ही ऑर्गन बांधणारी जुनी पेढी आहे. त्यांनी तो १९२० च्या दशकात बांधला लॉर्ड ग्लेनटॅनर यांच्यासाठी. हे कोट्स घराण्यातले, शिवणाच्या दोऱ्याच्या धंद्यावर मोठं झालेलं घराणं. आपल्याकडे मदुरा कोट्सची रिळं ज्यांच्या घरात होती त्यांना नाव ओळखीचं वाटेल. ॲबर्डीनशायरमध्ये त्यांचा ग्लेन टॅनर नावाचा वाडा. त्या वाड्यातल्या नाचाच्या दालनात हा ऑर्गन बसवला आणि १९२७ मध्ये पॅरिसचे ऑर्गनवादक मार्सेल द्युप्रे यांनी तिथे येऊन वाजवला. त्या दालनाचं छत आतून हरणांच्या शेकडो शिंगांनी मढवलेलं आहे. खाली नाचणारी माणसं, वर शिंगांचं रान. आवाज वर गेला की त्या शिंगांत विखरून जायचा, परत म्हणून यायचा नाही.

इकडे लंडनमध्ये १० मे १९४१ च्या रात्री जर्मन बाँबहल्ल्यात टेंपल चर्च पेटलं. छप्पर गेलं, खांब उष्णतेने तडकले आणि तिथला जुना ऑर्गन पूर्ण जळाला. युद्धानंतर चर्च पुन्हा उभं राहत असताना लॉर्ड ग्लेनटॅनर यांनी आपला ऑर्गन चर्चला देऊन टाकला. १९५३-५४ मध्ये हॅरिसनच्याच माणसांनी तो इथे बसवला.

आता आवाजाबद्दल. मी युरोपात फिरताना जर्मन पद्धतीचे ऑर्गन ऐकलेत. त्यांचा आवाज उभा, काचेसारखा स्वच्छ, प्रत्येक स्वराची सुरुवात 'च' म्हटल्यासारखी वेगळी ऐकू येणारी. पॅरिसचे ऐकलेत, तिथली कर्ण्यांची धग छातीवर येते. हा तसा नाही. हा आधी भोवती येतो आणि मग वाढतो. एका दुपारी वादकाने इतक्या हळू सुरुवात केली की शेजारच्या बाई अजून पर्स आवरत होत्या. त्यांना वाद्य सुरू झाल्याचं कळलंच नव्हतं. मलाही आधी कळलं ते बाकाच्या पाठीवरून. पाठ टेकली होती तिथे लाकूड बारीक थरथरत होतं. वरचे स्वर नंतर ऐकू आले.

माझा प्रश्न असा आहे. ज्या माणसांनी या नळ्यांचा सूर लावला, त्यांच्या कानात शिंगांचं ते दालन होतं. आज तो आवाज दगडी चर्चमध्ये घुमतो. मग मला जो आवडतो तो आवाज कोणाचा? वाद्याचा, की जागेचा? जाणकारांनी सांगावं.

बेलबाग

ताई, धागा आवडला. माझं वय आता ७६. आम्ही ऑर्गन म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो रंगमंचासमोरच्या खड्ड्यातला ऑर्गन. बालगंधर्वांच्या ध्वनिमुद्रिकांमागे तो सतत ऐकू येतो, गाणाऱ्याने श्वास घेतला तरी मागचा सूर तुटू न देणारा. माझे वडील नाटकवेडे, त्यांनी आम्हाला सारंगी आणि ऑर्गन वेगवेगळे ऐकायला शिकवलं. तुम्ही म्हणता तो हाच का, फक्त आकाराने मोठा?

पांढरी_चार

काका, तो आणि हा वेगळे. संगीत नाटकातल्या ऑर्गनमध्ये, म्हणजे पायपेटीत, आपल्या पेटीसारखेच पितळी सूर असतात. फरक एवढाच की पेटीत भाता हवा बाहेर ढकलतो आणि अमेरिकन घडणीच्या ऑर्गनमध्ये पायाने मारलेला भाता हवा आत ओढतो, म्हणून त्याचा आवाज जास्त मऊ.

पाइप ऑर्गन हा मुळात बासऱ्यांचा कारखाना आहे. प्रत्येक स्वराला स्वतंत्र नळी, आणि आवाजाच्या प्रत्येक जातीला अशा नळ्यांची अख्खी ओळ. खुंटी ओढली की एक ओळ जागी होते. टेंपलच्या ऑर्गनमध्ये अशा सुमारे ३८०० नळ्या आहेत. सगळ्यात लहान पेन्सिलीएवढी, सगळ्यात मोठी ३२ फुटी. वाजवायला हातासाठी पट्ट्यांच्या चार रांगा, एकावर एक, आणि खाली पायासाठी वेगळ्या लाकडी पट्ट्या. काही नळ्यांच्या बुडाशी पितळी जीभ असते, सनईच्या किंवा पेटीच्या जवळ जाणारी. बाकी सगळ्या शिट्टीसारख्या, ओठावर हवा आपटून वाजणाऱ्या.

मिरज_सूरकाम

मी पेटी दुरुस्तीचं काम करतो, वडिलांपासून चालत आलेलं. ऑर्गनच्या नळ्या हातात घेतलेल्या नाहीत, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या कामापुरतं देऊ शकतो.

सूर चढवायचा असेल तर पितळी पट्टीच्या टोकाला कानस लावायची, उतरवायचा असेल तर बुडाला. हे कोणीही शिकतो. त्यानंतरचं काम म्हणजे आवाज घडवणं. पट्टी बैठकीपासून किती उचललेली ठेवायची, यावर ती हळू वाजवली तर बोलेल की जोरात वाजवली तरच बोलेल, हे ठरतं. गवयाच्या साथीची पेटी असेल तर मी ती मऊ ठेवतो. भजनी मंडळाची असेल, टाळ-मृदंगातून वर यायची असेल, तर खडी ठेवतो. म्हणजे पेटी कुठे वाजणार हे विचारल्याशिवाय मी कानस उचलत नाही. देवळातली पेटी फरशीवर वाजते, तिला फार धारदार केलं तर कानाला टोचते. गाद्या-तक्के असलेल्या दिवाणखान्यातली पेटी तशीच ठेवली तर मुकी वाटते.

त्या डरहॅमच्या कारागिरांनीही तेच केलं असणार. शिंगांच्या छताखाली आवाज मरतो म्हटल्यावर त्यांनी नळ्या भरदार ठेवल्या असतील. आता ती पेटी देवळात गेली एवढंच.

त्रिज्या

ध्वनिशास्त्र माझा पोटापाण्याचा विषय आहे, म्हणून थोडं लांबण लावतो.

मिरज_सूरकाम यांनी नेमकं सांगितलं. पाइप ऑर्गनमध्ये या कामाला व्हॉइसिंग म्हणतात. नळीच्या तोंडाची उंची किती कापायची, ओठावर हवेचा पडदा कुठे आपटवायचा, पायातलं भोक किती मोठं ठेवायचं, हे नळीगणिक हाताने करावं लागतं. तोंड उंच कापलं की आवाज गोल आणि बासरीसारखा होतो, कमी कापलं की त्यात कड येते. हवेचा दाब वाढवला की सगळा हिशोब पुन्हा मांडावा लागतो.

आर्थर हॅरिसन (१८६८-१९३६) या कामातले फार मोठे कारागीर होते. त्यांच्या काळातले हॅरिसनचे ऑर्गन ओळखू येतात ते तीन गोष्टींवरून. एक, पायाभूत स्वर म्हणजे डायपेसन जाड आणि गुळगुळीत. सगळ्यात मोठ्या डायपेसनच्या ओठाला ते कातडं लावत, त्यामुळे हवेची खरखर जाते आणि स्वराला मखमली काठ येतो. दुसरी, ट्रॉम्बा आणि ट्यूबा या जिभेच्या नळ्या जास्त दाबावर, त्यामुळे त्या फ्रेंच कर्ण्यासारख्या तडतडत नाहीत, सरळ भरून वाहतात. तिसरी गोष्ट पेटीवाल्यांना आवडेल. हार्मोनिक्स नावाची एक खुंटी ते ठेवत. ती ओढली की एकाच पट्टीला वरच्या स्वयंभू स्वरांच्या चार बारीक नळ्या एकदम वाजतात. तंबोऱ्याच्या खर्जातून स्वयंभू गंधार ऐकू येतो ना, तसा तो गंधार तर त्यात असतोच, शिवाय सातवा स्वयंभू स्वरही असतो, जो आपल्या कोमल निषादापेक्षा जरासा उतरलेला आहे. जाड डायपेसन आणि भरदार ट्रॉम्बा यांच्यामधली भेग बुजवायला ही खुंटी. ती नसेल तर दोन वेगळी वाद्यं वाजताहेत असं वाटतं.

आता जागा. बंद खोलीत ऐकू येणाऱ्या आवाजाचा फार मोठा वाटा भिंतींवरून परतलेला असतो. शिंगं हा तर आवाज विखरून टाकण्याचा उत्तम उपाय. प्रत्येक शिंग वेगळ्या कोनात, वेगळ्या जाडीचं, त्यामुळे वरच्या पट्टीतला आवाज एकाच दिशेने परत येतच नाही. पांढरी_चार, तुम्ही म्हणालात की हा आवाज 'आधी भोवती येतो मग वाढतो'. मला वाटतं त्याचं कारण त्या दालनातच आहे. तिथे जागा काहीच मदत करणार नव्हती, म्हणून वाढणं आणि ओसरणं वाद्यालाच करावं लागलं. त्यासाठी नळ्यांच्या ओळीच्या ओळी लाकडी खोलीत बंद करतात आणि पुढे खिडकीसारख्या झडपा बसवतात. वादक पायाने झडपा उघडतो-मिटतो आणि तोच आवाज दूर जातो, जवळ येतो. चर्चला आलं ते हे स्वतः श्वास घेणारं वाद्य, आणि मग दगडाने वर त्याला स्वतःचा श्वास दिला.

कृष्णाकाठ

सांगलीहून लिहितोय. या धाग्यात अजून जळालेल्या जुन्या ऑर्गनबद्दल काही आलेलं नाही आणि मला तर तोच जास्त जवळचा वाटतो.

१६८० च्या दशकात या चर्चला नवा ऑर्गन हवा होता. बर्नार्ड स्मिथ आणि रेनेटस हॅरिस, दोघेही त्या काळचे नामवंत कारागीर. दोन वकिली संस्थांचं एकमत होईना, तेव्हा दोघांनाही चर्चमध्येच आपापला ऑर्गन उभा करायला सांगितला. दोन्ही ऑर्गन एकाच छताखाली, आणि निवाडा ऐकून करायचा! स्मिथच्या बाजूने जॉन ब्लो आणि हेन्री पर्सेल वाजवायला बसले, हॅरिसच्या बाजूने इटालियन वादक ड्रागी. हे कित्येक वर्षं चाललं. शेवटी न्यायाधीश जेफ्रीज यांनी स्मिथच्या बाजूने कौल दिला.

मला जवळचं वाटतं ते यासाठी, की स्मिथच्या त्या ऑर्गनमध्ये काही काळ्या पट्ट्या मधोमध कापून दोन केलेल्या होत्या. आपण पेटीवर ज्या पट्टीला एकच नाव देतो, तिथे त्याने दोन वेगळे स्वर ठेवले, एक थोडा चढा आणि एक थोडा उतरता. म्हणजे श्रुतीच!

आमच्या सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला २२ श्रुतींचा हिशोब मांडला, इंग्रज अधिकारी अर्नेस्ट क्लेमेंट्स त्यांना येऊन मिळाले आणि श्रुती पेटी तयार झाली. बारा पट्ट्यांत आपलं गाणं मावत नाही हे दुखणं देवलांचं. तेच दुखणं सव्वादोनशे वर्षं आधी लंडनच्या त्या कारागिरालाही होतं. कारण वेगळं होतं, त्यांना दोन-तीन स्वर एकदम वाजवताना गोड लागायला हवे होते. पण दोघांनी उपाय सारखाच केला, पट्टी वाढवली. तो ऑर्गन १९४१ मध्ये जळाला हे वाचून वाईट वाटलं.

पांढरी_चार

कृष्णाकाठ, मनापासून आभार. देवलांचं नाव या धाग्यात येईल असं वाटलं नव्हतं. पट्ट्या कापलेल्या होत्या हे वाचलं होतं, पण श्रुतींशी जोडून पाहिलं नव्हतं. हरलेल्या हॅरिसच्या ऑर्गनचंही पुढे स्थलांतरच झालं. त्याचे भाग करून काही लंडनच्या सेंट अँड्र्यूज होबर्न चर्चला आणि काही डब्लिनच्या क्राइस्ट चर्च कॅथीड्रलला गेले. या चर्चच्या नशिबात ऑर्गनांचं येणं-जाणं तेव्हापासूनचं आहे.

तिसरा_काळ

थोडा वेगळा सूर लावतो, राग नसावा.

मी पाश्चात्त्य संगीत गंभीरपणे ऐकतो, जर्मन रचनाकार बाख मुख्यतः. या इंग्लिश ऑर्गनांवर बाख ऐकताना मला त्रास होतो. चार आवाज एकमेकांत गुंफलेले असतात, त्यातला प्रत्येक वेगळा ऐकू यायला हवा, आणि तुम्ही ज्याला मखमली म्हणता त्यात ते विरघळून जातात. जळालेला ऑर्गन स्मिथचा होता, त्याच्या जागी जुन्या पद्धतीचा नवा ऑर्गन बांधायला हवा होता. एका श्रीमंताच्या नाचघरातलं वाद्य, जे करमणुकीसाठी आणि ऑर्केस्ट्राची नक्कल करण्यासाठी बांधलं, ते बाराव्या शतकातल्या चर्चमध्ये बसवणं म्हणजे फुकट मिळालं म्हणून घेतल्यासारखं वाटतं.

मिरज_सूरकाम

तिसरा_काळ, तुमचं म्हणणं समजतं. पण वाद्य कशासाठी बांधलं यावरून त्याला कमी लेखू नये. आमच्याकडे तमाशाच्या फडातली पेटी दुरुस्तीला आली होती. तीस वर्षं उघड्यावर वाजलेली. तिचे सूर इतके नितळ होते की मी दोन दिवस तिच्यावर फक्त तोडी वाजवत बसलो.

पांढरी_चार

तिसरा_काळ, राग कसला, तुमची हरकत खरी आहे. बाखची एक दाट रचना मी इथे ऐकली, तेव्हा मलाही मधले आवाज शोधावे लागले.

पण दोन गोष्टी सांगते. पहिली, जळण्याआधी स्मिथचा ऑर्गन मूळ रूपात राहिला नव्हताच. अडीचशे वर्षांत त्यात पुष्कळ भर पडली होती, त्याची पुनर्बांधणी झाली होती. दुसरी, या चर्चमध्ये ऑर्गनचं मुख्य काम मुलांच्या आणि पुरुषांच्या गायनवृंदाला साथ देणं हे आहे. १९२७ मध्ये, म्हणजे द्युप्रे ग्लेन टॅनरला वाजवायला गेले त्याच वर्षी, या चर्चमध्ये अर्नेस्ट लफ नावाच्या मुलाचं मेंडेल्सोनच्या एका रचनेचं ध्वनिमुद्रण झालं आणि ते जगभर गाजलं. साथीला होते जॉर्ज थॅल्बेन-बॉल, जे १९२३ पासून १९८२ पर्यंत इथले ऑर्गनवादक होते. जुना ऑर्गन त्यांनी वाजवला, तो जळाल्यावर हा नवा आलेलाही त्यांनीच वाजवला. एका माणसाच्या हातांखालून दोन्ही गेले.

एका संध्याकाळी मी प्रार्थनेला बसले होते. मुलं वरच्या पट्टीत एकटी गात होती आणि ऑर्गन खाली इतका बारीक होता की मुलांचाच आवाज फरशीवर पडून परत येतोय असं वाटत होतं. मग पुरुषांचा आवाज आला आणि ऑर्गन त्यांच्या आधी निमिषभर वाढला. गवयाने वरचा षड्ज लावण्याआधी चांगला पेटीवाला जसं हवा भरून ठेवतो, तसं. नाचघरातल्या वाद्याला हे जमतं याचं कारण त्रिज्या यांनी सांगितलं तेच, वाढणं-ओसरणं त्याच्या अंगातच आहे. साथीला मला हेच हवं.

त्या इमारतीबद्दल एक सांगायचं राहिलं. आगीत तडकलेले खांब बदलावे लागले. जुने खांब किंचित बाहेर झुकलेले होते. नवे घडवताना ते सरळ करता आले असते, पण तसेच झुकते घडवले. इमारतीच्या बाबतीत इतका कटाक्ष ठेवणाऱ्यांनी ऑर्गन मात्र बाहेरून आणला, तो निष्काळजीपणे आणला असेल असं मला वाटत नाही.

रानजाई

ॲडलेडहून नमस्कार. आमच्याकडेही असाच एक हलवलेला इंग्लिश ऑर्गन आहे, म्हणून लिहिते. लंडनच्या हिल अँड सन या पेढीने बांधलेला ऑर्गन १८७७ मध्ये ॲडलेडच्या टाउन हॉलमध्ये बसला. बोटीतून अर्धं जग ओलांडून आलेला. शंभर वर्षांनी टाउन हॉलला नवा हवा झाला, १९९० मध्ये तिथे वॉकरचा ऑर्गन आला आणि हा जुना निघाला. आता तो बरोसा खोऱ्यात टनुंडा गावात आहे, द्राक्षमळ्यांच्या भागात. गाव लहान, सभागृह टाउन हॉलपेक्षा कितीतरी लहान.

मी तिथे जाऊन ऐकला. जुन्या ऑर्गनांत हिलचे मला सगळ्यात आवडतात, हॅरिसनपेक्षा उजळ, थेट बोलणारे. पण मोठ्या हॉलसाठी बांधलेलं वाद्य लहान जागेत आलं की काय होतं ते तिथे कळतं. पूर्ण ताकदीने वाजलं तेव्हा आपण वाद्याच्या पोटात बसलोय असं झालं. आणि एकच खुंटी ओढून, एकाच बासरीवर वादकाने जे वाजवलं, त्यात नळीत हवा शिरतानाचा 'फ' सुद्धा ऐकू आला. टाउन हॉलमध्ये तो कोणाच्याच कानापर्यंत पोचला नसणार. मोठ्या जागेत दडलेली गोष्ट लहान जागेने उघडी केली.

हिमवाट

टोरांटोहून. ऑर्गनचं मला काही कळत नाही, पण वाद्य हलवण्याचं दुःख माहीत आहे.

आजोबांची पायपेटी मी दहा वर्षांपूर्वी दादरहून इथे आणली. सामान हलवणाऱ्या कंपनीने ती आडवी ठेवली, भात्याचं कातडं एका घडीवर फाटलं. ते दुरुस्त करून घेतलं. खरा घात झाला पहिल्या हिवाळ्यात. घरातली गरम हवा इतकी कोरडी की लाकूड आकसलं, फळीला लांब चीर गेली आणि पाच-सहा सूर सतत सुस्कारे टाकायला लागले. आता हिवाळाभर पेटीच्या आत पाण्याची वाटी ठेवते. सूर परत आले, पण आवाज दादरचा नाही. दादरच्या घरात तिच्यामागे लाकडी पार्टिशन होतं, कोबा होता, पावसाळ्यात सगळं दमट. तिथे ती गुणगुणायची. इथे स्पष्ट बोलते. आईला फोनवर ऐकवली तर म्हणाली, "ही आपली नाही वाटत गं."

इतके हजारो नग असलेलं वाद्य ही माणसं सुटं करून नेतात तरी कसं?

त्रिज्या

हिमवाट, पाण्याची वाटी अगदी योग्य. कोरडी हवा हा ऑर्गनांचाही शत्रू आहे, चर्चमध्ये गरम हवा खेळवायला लागल्यापासून लाकडी पेट्या तडकण्याच्या तक्रारी वाढल्या.

नेण्याची पद्धत अशी की प्रत्येक नळीवर तिचा स्वर आणि ओळ कोरलेली किंवा लिहिलेली असते. लहान नळ्या ट्रेमध्ये निजवून, मोठ्या एकेकट्या गुंडाळून. धातू शिसं आणि कथिलाचा, त्यामुळे मऊ, अंगठा जोरात दाबला तरी पोचा पडेल. जीभ असलेल्या नळ्यांना फार जपतात. नव्या जागी उभ्या केल्यावर सगळ्यांचा सूर पुन्हा लावायचा आणि बऱ्याच नळ्यांचं व्हॉइसिंगही नव्या जागेत ऐकून थोडं बदलायचं. म्हणजे ताईंच्या मूळ प्रश्नाचं उत्तर दोन्ही बाजूंनी आहे, कारण १९५४ मध्ये कोणीतरी या दगडी चर्चमध्ये उभं राहून ऐकलं असणार आणि हात फिरवला असणार.

हवामानाचं आणखी एक. हवा एक अंश तापली की ओठाच्या नळ्यांचा सूर अर्ध्या स्वराच्या सुमारे तीन शतांशाने चढतो. जिभेच्या नळ्या मात्र जवळपास जागच्या जागी राहतात. दहा अंशांचा फरक पडला तर दोघींत कानाला खुपेल इतकं अंतर पडतं. म्हणून मैफलीआधी कारागीर थोड्याशाच असलेल्या जिभेच्या नळ्या बाकी हजारोंशी जुळवून घेतो.

बेलबाग

म्हणजे तंबोऱ्याचंच झालं. गवई आल्यावर आणि लोक बसल्यावर पुन्हा लावायचा. खोलीत माणसं आली की हवा बदलते, हे आम्ही गाण्याच्या बैठकीत पाहिलेलं आहे.

ताई, एक विनंती. पुढच्या वेळी जाल तेव्हा जागा बदलून बसा आणि काय फरक वाटतो ते कळवा. आता माझ्याच्याने लंडनला येणं व्हायचं नाही.

त्रिज्या

बेलबाग काकांना अनुमोदन. एकदा ऑर्गनसमोर लांबट भागात आणि एकदा गोल भागात. शक्य असेल तर डोळे मिटून.

पांढरी_चार

काका, आज जाऊन आले, लगेच लिहायला बसले.

पहिला अर्धा भाग ऑर्गनच्या समोरच्या रांगेत बसले. या चर्चमध्ये बाकं समोरासमोर आहेत, त्यामुळे नळ्या माझ्या थेट तोंडासमोर. इथे मला आवाजाचे थर मोजता आले. डायपेसन एकटा वाजत होता तेव्हा त्यात खरोखरच हवेची खरखर नव्हती. मग ओबोसारखी एक खुंटी आली, जिभेची, नाकातून बोलणारी, आणि तिचा उगम भिंतीत कुठे आहे तेही बोट दाखवून सांगता आलं असतं. झडपा उघडताना आवाज मोठा होण्याआधी उजळ होतो, हे पहिल्यांदाच कळलं. वरचे स्वर आधी सुटतात.

मग दोन रचनांच्या मधे उठून गोल भागात गेले. तिथे जमिनीवर जुन्या सरदारांचे दगडी पुतळे आडवे आहेत, त्यांच्याजवळच्या भिंतीच्या बाकावर बसले. तिसरा_काळ, इथे तुमचा बाख पार हरवला असता. स्वराची सुरुवात कळत नव्हती. ओबो मघाशी जिथून बोट दाखवून सांगता आला असता, तो आता वरून छताकडून येत होता. पायाच्या खालच्या पट्ट्या वाजल्या तेव्हा ३२ फुटीचा स्वर ऐकू आला असं म्हणता येणार नाही. त्रिज्या सांगतील, सेकंदाला १६ कंपनं म्हणजे कानाच्या खालीच. पण बाकाचा दगड गार होता आणि त्या गार दगडातून तो पायांत चढला.

शेवटी वादकाने हात उचलले. समोर बसले असते तर संपलं हे लगेच कळलं असतं. गोल भागात मला शेपूट ऐकू येत राहिलं, आधी वरचे स्वर विझले, मग मधले, आणि खालचा षड्ज सगळ्यांत शेवटी. लोकांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा तो अजून होता.

हिमवाट, बाहेर पडताना तुझ्या आईचं वाक्य आठवलं. दारात उभ्या असलेल्या वयस्क गृहस्थांना विचारलं, की ग्लेन टॅनरच्या दालनात हा कसा वाजत असेल. ते म्हणाले, २०११ ते २०१३ हा ऑर्गन दुरुस्तीसाठी डरहॅमला परत गेला होता, तेव्हा ते इथल्या उपासनेला नेमाने येत असत. दोन वर्षं उत्तरेची भिंत रिकामी होती. "आल्यावर पहिल्या रविवारी कसा वाटला?" मी विचारलं. ते थोडा वेळ ऑर्गनकडे बघत राहिले आणि म्हणाले, घरी आल्यासारखा.

मिरज_सूरकाम

ताई, झडपा उघडताना आधी उजळ होतो म्हणालात, ते पेटीतही आहे. झाकण हळू उघडून बघा, आधी धार येते मग भर येतो. उद्या दुकानात मुलाला हेच दाखवणार आहे.